कासवीची नजर आणि कोबीचे पान

कासवी आपल्या पिलांना दूध पाजीत नाही, चारा भरवीत नाही. ती त्यांच्याकडे नुसती पाहते आणि त्या नजरेवरच पिले वाढतात, असे आमची आजी सांगते. आजी माळकरी आहे. देव भक्ताला कसा सांभाळतो हे सांगताना संतांनी हा दृष्टान्त पुष्कळ ठिकाणी योजला आहे आणि तो ऐकताना मन भरून येते. परंतु मागच्या दसऱ्यापासून नऊ आठवडे कासवाचे एक पिल्लू आमच्या घरी होते, आणि त्या नऊ आठवड्यांत आम्ही घरातली पाचही माणसे त्याच्याकडे नुसती पाहतच राहिलो. त्याचे काय झाले ते सांगावे आणि त्यावरून माझे जे मत बनले ते आपणा सर्वांपुढे मांडावे, म्हणून हा लेख.

दादाने दसऱ्याला मोबाईल दुरुस्तीचे दुकान काढले. दुकानात कासव असले की लक्ष्मी टिकते, असे त्याला कोणीतरी सांगितले. ताटलीभर पाण्यात ठेवलेले पितळेचे कासव आपण अनेक दुकानांत पाहतो. तेवढ्यावर भागले असते. पण जिवंत कासवाचा गुण जास्त, असे ऐकून दादाने शहरातून बाराशे रुपयांना एक पिल्लू आणले. बुटाच्या खोक्यात. तळहातावर मावेल एवढे ते होते आणि त्याच्या काळसर पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या होत्या. विकणाऱ्याने सांगितले होते, "त्याला काही लागत नाही हो. कोबी द्या, काकडी द्या, चपाती द्या. नाही दिलं तरी महिनाभर राहतं."

दादाने माशांची काचेची पेटी आणली. तिच्यात गुळगुळीत गोटे घातले, बोटभर पाणी ओतले आणि पिल्लू त्यात सोडून पेटी दुकानाच्या फळीवर मांडली. आजी दर शुक्रवारी त्याच्या पाठीला तेलाचे बोट फिरवून कुंकू लावी. शेजारची मुले त्याला हातात घेत, उलटे करीत, पुन्हा सुलटे करीत. घरात पुस्तके उघडणारी मी एकटीच. तेव्हा "बघ गं, काय खातं ते," हे काम माझ्याकडे आले. मी मोबाईलवर थोडेसे पाहिले. ती माहिती परदेशातल्या कासवांची होती. तिथली गवते, तिथले विजेचे दिवे. त्यातले आमच्याकडे काहीच नव्हते. परीक्षा तोंडावर आली होती. मी तो विषय सोडून दिला आणि कोबीचे पान घालत राहिले. दोष विकणाऱ्याचा आहे तसा माझाही आहे, आणि तो मी आधीच कबूल करते.

पिल्लू पहिले काही दिवस काचेला धडका देत फिरले. मग ते शांत झाले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा आहे. ते जसे आपले अवयव आत ओढून घेते तसा ज्ञानी पुरुष इंद्रिये आवरतो. आमचे पिल्लूही दिवसभर अंग आत घेऊन बसलेले असे. "किती शांत आहे बघा!" असे येणारे-जाणारे म्हणत आणि आम्हांला बरे वाटे. ते शांत नव्हते; ते आजारी होते. त्याचे डोळे सुजून मिटू लागले. थंडी वाढली तशी त्याने कोबीही सोडला.

अशा वेळी एक दिवस फोनची काच बदलून घ्यायला प्राणिशास्त्राचे एक सर दुकानात आले. त्यांनी पिल्लू उचलले आणि पाठीच्या कडेला अंगठ्याने हलके दाबले. कवच भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे आत गेले. "याला मुडदूस झाला आहे," सर म्हणाले. मुडदूस हा शब्द मी ऐकला होता. आईच्या तोंडून, लहान मुलांच्या बाबतीत. कासवाला मुडदूस होतो हे मला ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा खरे वाचायला बसले. सरांनी दोन पुस्तके दिली, आणि न कळलेले त्यांनाच विचारले.

जे कळले ते थोडक्यात लिहिते, कारण आपल्यापैकी कोणाच्या घरी असे पिल्लू आज असेलही. आमचे पिल्लू म्हणजे तारा कासव. ते पाण्यातले नव्हे, जमिनीवरचे. गुजरात-राजस्थानचा कोरडा भाग, दक्षिणेकडे आंध्र, तमिळनाडू आणि कर्नाटकाचा काही भाग, आणि श्रीलंका, अशा एकमेकांपासून तुटलेल्या प्रदेशांत ते राहते. गवताळ, काटेरी, झुडपांची जमीन हे त्याचे घर. आम्ही त्याला गोट्यांवर आणि बोटभर पाण्यात ठेवले होते, म्हणजे रात्रंदिवस ओल्यात उभे केले होते.

त्याचे अन्न म्हणजे गवत, झाडपाला, फुले, रानातल्या वेली. भरपूर चोथा, थोडी प्रथिने आणि भरपूर चुना, म्हणजे कॅल्शियम. अन्नात फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम असावे, असे तज्ज्ञ सांगतात. हरळी, जास्वंदीची पाने व फुले, तुतीचा पाला, काटे काढलेले फड्या निवडुंगाचे पान, अधूनमधून शेवग्याचा पाला, हे त्याला मानवते. काकडीत पाण्यावाचून फारसे काही नसते. कोबी कधीमधी एखादे पान ठीक. पण रोज कोबीच घालणे म्हणजे उपासमार. पालकात कॅल्शियम अडवून ठेवणारे द्रव्य असते, म्हणून तो रोज नको. चपाती, भात, दूध, पाव ही तर त्याची खाणीच नव्हेत. डाळी आणि इतर जास्त प्रथिनांचे अन्न दिले आणि हवा फार कोरडी ठेवली, तर पाठीवरची एकेक ढाल शंकूसारखी वर येते आणि ते व्यंग जन्मभर राहते. जे आमच्या बांधावर फुकट उगवते ते त्याचे खरे अन्न होते, आणि आम्ही मात्र बाजारातून कोबी विकत आणत होतो. बांधावरचा पाला घालायचा तर तो औषध न फवारलेला हवा, हे मात्र पाहावे लागते.

पण अन्न बरोबर असून भागत नाही. खाल्लेले कॅल्शियम हाडांत जायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते कासवाच्या अंगात सूर्याच्या अतिनील किरणांनी तयार होते. खिडकीच्या किंवा पेटीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण हे किरण बहुतेक अडतात. आमची पेटी उजेडात होती, म्हणून आम्हांला वाटे की त्याला ऊन मिळते आहे. ऊन मिळत नव्हते. फक्त दिसत होते. उलट, बंद काचेत भर उन्हात ठेवले तर ते भाजून मरते. त्याला उघड्यावरचे कोवळे ऊन हवे आणि लगतच सावली हवी. म्हणजे ऊब हवी तेव्हा ते उन्हात येईल, नको तेव्हा सावलीत जाईल. त्याचे रक्त आपल्यासारखे आतून तापत नाही. अंगाची ऊब बाहेरून घ्यावी लागते. एका टोकाला बत्तीस ते पस्तीस अंश आणि दुसऱ्या टोकाला त्याहून बरेच कमी, असे असावे. ऊब नसेल तर खाल्लेले पचत नाही. थंडीत ते कोबी का सोडत होते, हे मला तेव्हा कळले.

घर म्हणावे तर काच नकोच. पलीकडचे दिसते आणि जाता येत नाही, म्हणून ते धडका देत राहते. लाकडाचे उघडे खोके बरे, लहान पिल्लालाही निदान दोन फूट रुंद नि तीन फूट लांब. त्यात माती आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, एका कोपऱ्यात किंचित ओलसर. लपायला फुटक्या मडक्याचे पालथे खापर. पाण्यासाठी मातीची उथळ परळ. आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवावे, पाणी हनुवटीखालीच राहील इतके. पिल्ले लवकर कोरडी पडतात. चघळायला समुद्रफेसाचा तुकडा. कावळा, मुंगूस, घूस, कुत्रे आणि मुंग्या यांपासून राखण. आणि हात लावला की साबणाने हात धुणे, कारण कासवांच्या अंगावर सालमोनेला नावाचे जंतू असू शकतात. लहान मुलांना त्यांची बाधा होते, म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवे विकायला बंदी आहे.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. कवच हे कासवाचे घर नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या ज्यात मिसळून गेल्या आहेत असे ते जिवंत हाड आहे, आणि वरून नखासारखे आवरण. त्याला स्पर्श कळतो. आम्ही त्याच्या पाठीला हात लावीत होतो तेव्हा एखाद्या पेटीला नव्हे, त्याच्या अंगाला हात लावीत होतो.

एवढे वाचून झाल्यावर मी दादाला म्हणाले, "आपण खोकं करू. मी पाला आणीन." तेव्हा सरांनी दुसरी गोष्ट सांगितली. तारा कासव घरात ठेवणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यात तारा कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहे. शिक्षा किमान तीन वर्षांची कैद. दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारातही २०१९ मध्ये ते पहिल्या परिशिष्टात गेले, कारण चोरट्या बाजारात या जातीची कासवे फार मोठ्या प्रमाणावर पकडली जातात. आमचे पिल्लू कोणी हौसेने जन्माला घातलेले नव्हते. कुठल्या तरी माळरानावरून ते पोत्यात भरून आले होते, आणि त्याच्याबरोबरची किती वाटेत मेली असतील याचा हिशेब बाराशे रुपयांत नव्हता.

घरात त्या रात्री बराच वाद झाला. दादा म्हणाला, "पैसे आपले गेले, आणि वर चोरही आपणच?" आजी म्हणाली की घरात आलेली लक्ष्मी बाहेर काढू नये. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जनावर घरात वाळून मरत असेल तर ती लक्ष्मी कसली?" अण्णांचे हे एक वाक्य मला सगळ्या पुस्तकांपेक्षा मोठे वाटते.

पुष्कळजण विचारतात, आणि दादानेही विचारले, की आपण गाय पाळतो, म्हैस पाळतो, कोंबड्या पाळतो. मग कासवानेच काय घोडे मारले? याचे उत्तर मला आमच्या गोठ्यातच मिळाले. म्हशीने रवंथ करायचे थांबवले की अण्णा रात्री बॅटरी घेऊन उठतात. तिचे शेण पाहून, कान पाहून, तिला काय होते ते त्यांना कळते. हे ज्ञान त्यांना त्यांच्या वडिलांकडून, वडिलांना त्यांच्या वडिलांकडून आले. शिवाय म्हैस हंबरते, दावे ओढते, आपले दुखणे सांगते. माणूस आणि गुरे हजारो वर्षे एकमेकांजवळ राहिली आहेत. कासवाबद्दल आमच्या घरात असे एका पिढीचेही ज्ञान नाही आणि कासव ओरडत नाही. ते चुकीच्या अन्नावर आठवडेच्या आठवडे काढते, म्हणून ते जगते आहे असे आपल्याला वाटते. विकणारा म्हणाला ते खरेच होते. ते बरेच दिवस राहते. पण राहणे म्हणजे वाढणे नव्हे. जो प्राणी तक्रार करीत नाही तो पाळायला सोपा, असे आपण समजतो. माझ्या मते तो सर्वांत अवघड. आणि नीट सांभाळले तर ते तीस वर्षांहून अधिक जगते. दादा आज चोवीस वर्षांचा आहे. दुकानाच्या मुहूर्ताला आणलेले हे पिल्लू त्याच्या चौपन्नाव्या वर्षीही पाला मागेल, याचा विचार बाजारात कोण करतो?

आम्ही सरांना बरोबर घेऊन वनखात्याच्या कार्यालयात गेलो. दादाचे हात थरथरत होते. आपणहून आणून दिल्याची नोंद झाली, जबाब झाला, आणि आमच्यापुरते ते तेवढ्यावर निभावले. सर्वांच्याच बाबतीत असेच होईल असे मी सांगू शकत नाही. पण जितके दिवस लपवून ठेवावे तितके दिवस गुन्हाही वाढतो आणि प्राण्याचे हालही, एवढे मात्र खरे. वनविभागाचा १९२६ हा मदतीचा दूरध्वनी आहे. तिथे विचारता येते. आणि अशा कारणाने कोणाकडे दोन-चार दिवस पिल्लू राहिलेच, तर वर सांगितलेले ऊन, पाला, कोमट पाणी आणि लपायला खापर एवढे त्याला मिळावे. भीतीपोटी रात्री नेऊन तळ्यात किंवा शेतात सोडणे हा उपाय नव्हे. तारा कासव पाण्यात बुडते.

महिन्याभराने सरांकडून कळले की पिल्लू जगले आहे, खाऊ लागले आहे. पाठ मात्र वेडीवाकडीच राहील. मी विचारले, "मग त्याला जंगलात सोडतील का?" सर म्हणाले, "कुठल्या?" ते गुजरातचे की आंध्रचे हे ठाऊक नसता कुठेही सोडले तर निरनिराळ्या प्रदेशांतली कुळे मिसळतात, आणि बाजारातून आलेले रोग रानातल्या कासवांना लागू शकतात. म्हणजे त्याला उचलणे एका माणसाचे काही क्षणांचे काम होते. परत ठेवणे आता कोणालाच सोपे नाही.

काहीजण म्हणतील, देशी कासव नको तर दुकानात उघड मिळणारे लाल कानाचे परदेशी कासव घेऊ. त्या कासवाला पोहायला भरपूर स्वच्छ पाणी, बाहेर येऊन ऊन खायला कोरडी जागा, आणि लहानपणी मांसाहार लागतो. रुपयाएवढे दिसणारे ते पिल्लू वाढून फुटाजवळ जाते. मग लोक ते विहिरीत, तळ्यात सोडतात, आणि ते तिथल्या कासवांची जागा आणि अन्न बळकावते. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर आगंतुक जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. म्हणून तेही मला पटत नाही. आणि दुकानात पाहून दया आली म्हणून "सोडवण्यासाठी" विकत घेणेही पटत नाही. कारण आपण एक घेतले की विकणारा त्या जागी दुसरे आणून ठेवतो.

मग कासवावर प्रेम करायचेच नाही काय? करावे, पण कसे, ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाकडून शिकावे. तिथल्या किनाऱ्यावर समुद्रातली ऑलिव्ह रिडले कासवी येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. ती परत मागे पाहायला येत नाही. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले स्वतःच वर येतात आणि स्वतःच्या पायांनी समुद्राकडे चालू लागतात. गावकरी आणि संस्थेचे कार्यकर्ते अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून राखतात, आणि पिले आली की वाळूवर सोडून बाजूला उभे राहतात. लोक लांबून येतात, दोरीपलीकडे थांबतात आणि पाहतात. कोणी पिल्लू घरी नेत नाही.

हे मी आजीला सांगितले. कासवी पिलांकडे पाहतही नाही, हे ऐकून ती थोडी खट्टू झाली. मग म्हणाली, "अगं पोरी, ते देवाबद्दल सांगितलंय. देवाच्या नजरेनं पोट भरतं. आपल्या नजरेनं नाही भरायचं." मला यापेक्षा वेगळे काही सांगायचे नाही. तो दृष्टान्त देवासाठी आहे. माणसाने तो स्वतःला लावून घेऊ नये. ज्याला काय लागते हे आपल्याला ठाऊक नाही आणि जाणून घेण्याइतकी सवड नाही, असा जीव केवळ पाहायला बरा वाटतो म्हणून घरी आणू नये.

दादाच्या दुकानात आता पितळेचे कासव आहे. आजी त्याला शुक्रवारी कुंकू लावते. दुकान बरे चालले आहे.